पडद्यामागची साथ

"ऐन वेळी माझं बोट निसटलं तर?" बाबांनी विचारलं.

"मी आहे ना आत! कुणाला पत्ताही लागणार नाही," चिमणी म्हणाली.

चिमणी म्हणजे त्यांची मुलगी. चांगली तिशीची बाई, पण बाबांच्या तोंडी नाव बसलं ते बसलंच. अर्धांगाच्या झटक्यानंतर एकच हात धड राहिलेल्या बाबांचा आज शेवटचा कार्यक्रम होता आणि नाट्यगृह गच्च भरलं होतं. जन्मभर कमावलेलं नाव एका चुकार बोटापायी मातीत जाऊ नये, एवढाच तिच्या जिवाला घोर.

तोड काढली मामाने. बाबांचा कीबोर्ड आणि कॉम्प्युटर स्टेजवर, चिमणीचे मागच्या खोलीत. मधे एक वायर. त्या वायरीतून आवाज जात नाही, जातो नुसता निरोप: कुठली पट्टी दाबली, किती जोरात. दोघांनी एकच पट्टी दाबली तर सूर एकच निघेल, अशी सोय त्याने करून ठेवली होती. कुणाचा कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

चिमणीला हे बरंच होतं. एकदा भर कार्यक्रमातून ती उठून पळाली होती. तेव्हापासून चार माणसांसमोर वाजवायचं म्हटलं की हातपाय गार. इथे फक्त मामा, तोही कॉम्प्युटरचा स्क्रीन स्वतःकडे वळवून बसलेला.

"सुरुवात तू कर," बाबा जाता जाता म्हणाले. "मी येतो तुझ्या मागोमाग."

तिने हेडफोन चढवले आणि सुरुवात केली. आधी जपून, मग भान हरपून. अवघड जागा आली, गेली, कुठे अडखळणं नाही.

"अगं बाई, काय हात आहे! मामा, ऐकतोयस ना? म्हातारा पेटलाय आज!"

"हूं," म्हणून मामा चष्मा पुसत बसला.

भरात तिच्या हातून घरी कधीच न वाजवलेली तान निघून गेली. आता बाबा मागे पडणार, असं तिला वाटलं. पण छे, जरासुद्धा खटका नाही! मनातलं ओळखतो हा माणूस. बाप तो बापच, तिला भरून आलं.

शेवटचा सूर विरला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. थांबेचना. बाबांना कडकडून मिठी मारायला ती तशीच स्टेजवर धावली.

स्टेजवर कुणीच नव्हतं. बाबांच्या कीबोर्डवरची खोळसुद्धा काढलेली नव्हती. सगळं नाट्यगृह तिच्याकडे बघत उभं होतं, आणि पहिल्या रांगेत बाबा, धड असलेल्या एका हाताने मांडीवर थापा मारत होते.