मागच्या सीटचा पट्टा

जुनी गाडी घेतली आणि आधीच्या मालकांनी करून ठेवलेले उपद्व्याप निस्तरता निस्तरता माझ्या नाकी नऊ आले. बोनेट तारेने बांधलेलं, आरसा चिकटपट्टीवर तगलेला. शेवटी वैतागून गाडी मेकॅनिककडे नेली.

सीटखाली हात घालून तो म्हणाला, “ताई, सीटवर वजन असलं आणि पट्टा लावला नसला की अलार्म वाजतो ना, त्याच्या वायरी कापल्यात. मागच्या सीटची तर दोनदा. एकाने कापली, दुसऱ्याने जोडली, मग त्यानेच पुन्हा कापली. शेवटच्या मालकाने पुढच्या सीटचीही कापली.”

“काय एकेक नग असतात! सगळ्या नीट जोडून टाका.”

त्याने जोडल्या. चावी फिरवताच मागच्या रिकाम्या सीटचा अलार्म वाजू लागला. त्याने सेन्सर बदलला, तरी वाजतच राहिला. अखेर त्याने मागे वाकून त्या सीटचा पट्टा लावला. आवाज थांबला.

“राहू द्या असाच,” तो म्हणाला. नंतर कितीतरी वेळ तो हात पुसत होता.

भर दुपारी घरी निघाले. आरशात पाहिलं, तर मागचा पट्टा सीटला टेकलेला नव्हता. वीतभर पुढे ताणलेला होता, आणि संथपणे पुढे-मागे होत होता.

सिग्नलला थांबले. मागे खट्कन पट्टा सुटला. मी श्वास रोखून अलार्मची वाट पाहिली. मागून काहीच वाजलं नाही.

मग माझ्या शेजारच्या सीटचा अलार्म वाजू लागला.