गाडीचा वास

कमळाकररावांनी नाकाला रुमाल लावला आणि स्वयंपाकघराची खिडकी धाडकन लावून घेतली. बाहेर, त्यांच्या दारासमोर, समोरच्या घरातल्या भगवानचा दहा चाकी ट्रक उभा होता. चाकांना चिखल, मागच्या टायरवर कुणीतरी मारलेली पानाची पिचकारी, खाली ऑइलचा काळा डाग.

"या घाणीत पाहुणे आणायचे?" ते मुलीला, सुनयनाला म्हणाले.

रविवारी पाहुणे येणार होते. मुलगी बघायचं तसं काही उरलं नव्हतं. सुनयना आणि आशुतोष महाप्याला एकाच ऑफिसात होते आणि त्यांचं आपसात ठरलेलंच होतं. आशुतोषच्या आईने घर बघून होकार द्यायचा, एवढंच बाकी होतं. आणि घराबद्दल कमळाकररावांची मान ताठ होती. कोपरखैरण्यातल्या त्या रो-हाउसपुढची मोकळी जागा आत घेऊन त्यांनी हॉललगत ऐसपैस ओपन किचन काढलं होतं. त्या जागेत ड्रेनेजचं चेंबर होतं, त्यावर चकचकीत फरशी बसली. गल्लीत बऱ्याच जणांनी असंच केलंय, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

"बाबा, वास घरातूनच येतोय. एकदा चेंबर उघडून बघू या ना."

"आणि ही फरशी फोडू? वास त्या ट्रकचा आहे. या लोकांना सवय असते, आपल्याला नसते."

हे लोक म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. ट्रकच्या काचेवर निळ्या अक्षरांत जय भीम लिहिलेलं होतं आणि कमळाकररावांची वासाची चौकशी तिथेच संपली होती. भगवानची बायको रखमा रोज सकाळी रस्ता ओलांडून यायची आणि ट्रकशेजारच्या गटारात फिनाइल ओतायची. तो तर त्यांना पक्का पुरावाच वाटायचा. स्वतःच्या गाडीची लाज वाटत नसेल तर कोण कशाला फिनाइल ओतेल?

शुक्रवारी संध्याकाळी ते भगवानच्या दारापुढे जाऊन उभे राहिले. पायरी चढले नाहीत. रस्त्यावरूनच हाक मारली. भगवान जेवत होता, उष्टा हात तसाच घेऊन बाहेर आला.

"तुझी गाडी सडलीय," कमळाकरराव म्हणाले.

"गाडीत पुठ्ठ्याची खोकी असत्यात साहेब, पावण्याच्या कंपनीतून भरलेली. त्यांना कसला वास? तुमचं ते चेंबर एकदा..."

"माझं घर मला शिकवू नकोस. रविवारी माझ्या मुलीचं जमायचंय. मोडलं तर तुझ्या या गाडीपायी मोडेल."

रस्ता काही भगवानच्या मालकीचा नव्हता, हे त्यालाही माहीत होतं. पण इथून हलवून महाप्याला गाडी उघड्यावर लावली की बॅटरी चोरीला जाते, म्हणून केबिनमध्ये झोपावं लागतं, हे कमळाकररावांनाही माहीत होतं. भगवानने मागे वळून पाहिलं. दारात रखमा उभी होती.

"पोरीच्या लग्नाचं हाय," ती हळूच म्हणाली. "न्या की गाडी."

शनिवारी रस्ता मोकळा झाला. कमळाकररावांनी मोठ्या ऐटीत खिडकी उघडली. वास तसाच होता. रस्त्यात मुरलाय, जाईल, असं ते दुपारपर्यंत म्हणत राहिले. संध्याकाळी ओट्याखालच्या फरशीच्या सांध्यातून काळं पाणी पाझरताना दिसलं. त्यांनी वाकून बोट लावलं, नाकाशी नेलं आणि बेसिनकडे धावले. सगळी दुपारची भाकरी बाहेर पडली. मग तोंड पुसून त्यांनी त्या फरशीवर जाड पायपुसणं टाकलं आणि घरभर अत्तराचा फवारा मारला.

"सोमवारी फोडू," ते म्हणाले.

रविवारी आशुतोषच्या आईने पोह्यांचा पहिला घास घेतला आणि बशी खाली ठेवली. पदर नाकाशी गेला.

"कसला वास येतोय हो?"

"समोरच्यांचा ट्रक असतो इथे," कमळाकरराव घाईघाईने म्हणाले. "काय काय भरून आणतात, देव जाणे. सांगून सांगून थकलो."

बाई उठून खिडकीशी गेल्या. बाहेर ट्रक नव्हता. नुसता मोकळा रस्ता, आणि कमळाकररावांच्या दारातल्या गटारावर वाकलेली, हातात फिनाइलची बाटली घेतलेली रखमा.

"अहो बाई," आशुतोषच्या आईने विचारलं, "हा वास कसला?"

रखमा सरळ उभी राहिली. तिने कमळाकररावांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग तिची नजर त्यांच्या मागे, साडी नेसून चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या सुनयनाकडे गेली. तिथे ती जरा थांबली.

"आमच्या गाडीचा हाय ताई," रखमा म्हणाली. "कालच हलिवली. जाईल आता वास."

"बघा," कमळाकरराव म्हणाले, आणि चक्क हसले.

ते हसू बघून सुनयनाला जी शिसारी आली, ती त्या वासानेही कधी आली नव्हती. तिने ट्रे टेबलावर ठेवला. ओट्यापाशी जाऊन ते पायपुसणं दोन बोटांनी उचललं आणि बाजूला टाकलं. खालचं काळं पाणी ओघळून हॉलकडे निघालं. आशुतोषच्या आईने निऱ्या वर धरल्या.

"सुनयना!" कमळाकरराव ओरडले.

ती त्यांच्या शेजारून खिडकीपाशी गेली.

"मावशी," तिने रखमाला हाक मारली, "काकांना म्हणावं, गाडी घरी आणा."