वायर परत लावल्यावर

धाकट्याने नेटची वायर उपसली, थोडा थांबला आणि परत खोचली. हिरवा दिवा लागला. बाकी काही झालं नाही.

"बघ," दादा म्हणाला. "पुन्हा तेच."

औषधांच्या गोदामातली ती ऑफिसची खोली इतकी गार होती की दोघे भाऊ स्वेटर घालून भांडत होते. भिंतीपलीकडच्या थंड खोल्यांमध्ये एका कंपनीची इंजेक्शनं होती आणि त्या कंपनीवर या घराचं पोट होतं. कंपनीची अट साधी होती. नेट गेलं तर जाऊ दे, पण परत आल्याबरोबर मधल्या वेळातलं तापमान कंपनीच्या आणि मालकाच्या, म्हणजे दादाच्या, फोनवर आपोआप आलं पाहिजे. त्यासाठी धाकट्याने एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरसाठी सूचनांची फाइल, लिहिली होती. नेट जोडलं गेलं की कॉम्प्युटरने ती स्वतःहून चालवायची. हाताने चालवली की ती गुणी लेकरासारखी चालायची, आपोआप मात्र ढिम्म. महिनाभर हाच छळ चालला होता. आज कंपनीच्या तपासणीस बाई स्वतः बघायला येणार होत्या, आणि जमलं नाही तर माल उचलू, असं त्यांनी गोड आवाजात कळवलं होतं.

"सापडलं," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. चिडायचं कोणावर ते कळल्याचं समाधान तेवढं होतं.

झालं होतं ते असं. भावाने सगळ्या फाइली स्वतःच्या मुठीत ठेवल्यात, उद्या रुसून निघून गेला तर आपली शेंडी त्याच्या हातात, असं महिन्यापूर्वी दादाच्या मनाने घेतलं. घरातल्या प्रत्येकाला प्रत्येक फाइल बदलता आली पाहिजे, असा त्याने हुकूम सोडला. दादाच्या जावईबापूंनी मान डोलावली. त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सासऱ्यांच्या होला हो करणं छान जमत होतं. धाकट्यानेही रागाच्या भरात सगळं सताड उघडं करून टाकलं. घ्या म्हणाला, बसा खेळत. आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. जी फाइल कोणीही येऊन बदलू शकतो, ती धोक्याची समजून कॉम्प्युटर आपण होऊन चालवत नाही. भांडत नाही, ओरडत नाही, गुपचूप बाजूला टाकतो आणि पुढे जातो.

धाकट्याने हे सगळं समजावून सांगितलं. एक ओळ लिहायची, बाकीच्यांचा बदलायचा हक्क काढून तो फक्त कॉम्प्युटरच्या मुख्य खात्याकडे ठेवायचा, की झालं काम.

"आणि त्या खात्याचा पासवर्ड कोणाकडे?"

"माझ्याकडे. तुलाही देतो."

"आज देशील, उद्या बदलशील. महिनाभर स्वतःच बंद पाडून ठेवलंस आणि आता वर किल्ल्या मागतोस? मला काय दुधखुळा समजलास?"

धाकटा पुन्हा सांगायला गेला, तर दादाने टेबलावर हात आपटला. आहे तसंच राहील आणि तसंच चालवून दाखवायचं, नाहीतर बाहेरचा माणूस आणतो, तू मोकळा. सख्ख्या भावाने तोंडावर चोर ठरवलं, हे धाकट्याला इतकं लागलं की त्या गारठ्यात त्याचे कान तापले.

फाटकापाशी हॉर्न वाजला. दादा चेहऱ्यावर हसू चढवून बाईंना आणायला गेला. धाकटा एकटाच राहिला. एका ओळीचं काम होतं आणि दादाला त्याचा पत्ताही लागला नसता. बोटं कीबोर्डवरच होती. त्याने ती उचलली आणि हाताची घडी घालून बसला.

बाईंनी पाणीसुद्धा नको म्हटलं. स्वतः वायर काढली, स्वतः लावली. हिरवा दिवा लागला. तिघेही बाईंच्या हातातल्या फोनकडे बघत राहिले. फोन मख्ख. शेवटी दादाला राहवेना.

"हाताने चालव रे."

धाकट्याने चालवली. दोन्ही फोन लगेच वाजले.

"हे मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "रात्री नेट गेलं तर हा हात कुठे असतो?"

माल उचलायला उद्या गाड्या येतील, एवढं सांगून बाई निघाल्या. दादा दारापर्यंत गेला आणि त्यांची गाडी फिरेपर्यंत तिथेच उभा राहिला.

"मुद्दाम केलंस," तो मागे न बघता म्हणाला.

"मी काही केलंच नाही. आहे तसं राहू दे म्हणालास, राहू दिलं."

मग धाकट्याने ती एक ओळ लिहिली. वायर काढली, लावली आणि खुर्ची मागे सरकवून कॉम्प्युटरपासून लांब झाला. हिरवा दिवा लागला. दादाच्या खिशातला फोन वाजला.

दादाने मेसेज वाचला, तोच बाईंनाही गेला होता. त्याने वळून भावाकडे पाहिलं, त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. बाहेर फाटकापाशी बाईंच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले. गाडी थांबली. दादा फोन उंच धरून पायरी उतरला, हात हलवत जवळजवळ पळतच सुटला.

लाल दिवे विझले आणि गाडी रस्त्याला लागली.

"त्यांना वाटलं असणार, पुन्हा हाताने चालवली," धाकटा दारातून म्हणाला.