वीस पावलं

"हिरवळीच्या पुढच्या कडेपासून वीस पावलं," स्पर्धेच्या साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. "आजचं होल तिथं पाडा. दोन्ही खेळाडूंच्या कागदावरही हाच आकडा असणार आहे."

"वीस कोणाची?" माळीणबाईंनी विचारलं.

साहेब हसले. मग बाईंची उंची पाहून हसायचे थांबले.

"तीन दिवस चेंडू पुढे पुढे का जातायत ते आत्ता कळलं मला," ते म्हणाले. "पाऊल म्हणजे तीन फूट. ही टेप घ्या. मी काही परत तपासायला येणार नाही, तुमच्यावर विश्वास आहे."

आणि ते लांब टांगा टाकत निघून गेले.

गोल्फच्या मैदानावर होल रोज जागा बदलतं. बदलतं म्हणजे बाई बदलतात. गोल पात्याचं हत्यार जमिनीत दाबायचं, गवतासकट मातीचा गट्टू उचलायचा, तो कालच्या होलात बसवायचा आणि वरून असा हात फिरवायचा, की काल इथं काही झालंच नव्हतं. रोजची अठरा, बावीस वर्षं. आकडा लाखाच्या वर जातो. त्यातल्या एकालाही टेप लागली नव्हती. बाई आपल्या पावलांनी मोजत, आणि बाईंचं पाऊल अडीच फुटांचं. त्यामुळे कागदावर वीस असलं की होल प्रत्यक्षात तीन पावलं अलीकडे असायचं. लांबून होलातला झेंडा दिसतो, पण तो किती आत रोवलाय ते दिसत नाही. सभासद कागद वाचून मारत, चेंडू पुढे जाई आणि शिव्या वाऱ्याला बसत. वाऱ्यानं कधी तक्रार केली नाही.

तक्रार केली ती या स्पर्धेला बाहेरून आलेल्या मुलींनी. सगळ्यांनी केली, एक सोडून. ती एक बाईंची मुलगी. तीन दिवसांअखेर ती आणि दुसरी एक बरोबरीत राहिल्या होत्या. आज फक्त हे शेवटचं होल खेळायचं आणि निकाल लावायचा.

गवत कापायचं यंत्र बंद करून तात्या खाली उतरले.

"टेप कशाला पसरताय अक्का?"

"साहेबांनी सांगितलंय."

"साहेब चहाला गेलेत. अहो, सगळ्यांचे चेंडू पुढे जातात, तुमच्या पोरीचा एकटीचा जात नाही. का? लहानपणी तुमच्याबरोबर मोजत हिंडायची ती. कागदावर वीस दिसलं की तिला कळतं, हे आईचं वीस. आज टेपनं पाडलंत तर फसेल पोर."

"काहीतरीच. तिचा हात चांगला आहे म्हणून नाही जात."

"आणि पाऊल लक्षात असेल तर?"

मुलगी सोळाव्या वर्षी प्रशिक्षकांकडे राहायला गेली, त्याला सात वर्षं झाली होती. रविवारी फोन यायचा. जेवलीस का, हो, तू, हो, ठेवू का. एकदा पेपरात मुलाखत आली होती, 'आईही गोल्फच्याच क्षेत्रात आहे.' बाईंनी ते कात्रण जपलं होतं. त्यात खोटं काय होतं? या तीन दिवसांत मुलगी मैदानावरून दोनदा माळीकामाच्या शेडच्या दिशेनं बघून गेली होती. शेडकडेच बघितलं की पलीकडच्या झाडांकडे, हे बाईंना ठरवता आलं नव्हतं.

"सात वर्षांत माणूस घरचा पत्ता विसरतं तात्या," त्या म्हणाल्या. "पाऊल कुठलं लक्षात राहतंय?"

त्या आपल्या विसाव्या पावलावर जाऊन उभ्या राहिल्या. हत्यार टेकवलं. वर पाय ठेवला. बाई काही संत नव्हत्या. झुडपात सापडलेले किती चेंडू त्यांनी परस्पर विकले, ते तात्यांना ठाऊक होतं, कारण निम्मे तात्यांनी विकले होते. इथं पाडलं तरी कोणाला कळणार नव्हतं. पण मग पोरीचा हात की पाऊल, हे खुद्द बाईंनाही कळणार नव्हतं.

त्यांनी पाय काढून घेतला आणि टेपचं एक टोक तात्यांच्या हातात दिलं.

"कडेला धरा. आणि हलू नका."

तासाभरानं दोघं शेडच्या दारात उभी होती. आधी दुसरीचा चेंडू आला आणि झेंड्यापासून हातभरावर थांबला. टाळ्या झाल्या. मग मुलीचा आला. अगदी झेंड्याच्या रेषेत उतरला, एकदा उडाला आणि अलीकडेच थांबला. तीन पावलं अलीकडे.

मुलगी चालत आली. चेंडूकडे पाहिलं, झेंड्याकडे पाहिलं, खिशातला कागद काढून पुन्हा वाचला. मग मारलं. चेंडू होलाच्या काठावरून घसरून पलीकडे गेला. दुसरीचा आत पडला.

"वीस लिहिलं होतं ना?" दोरीपाशी उभे असलेले प्रशिक्षक म्हणाले. "एवढा अलीकडे कसा टाकलास?"

"चुकलं सर," मुलगी म्हणाली. बोलताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

तात्यांनी कपाळावर हात मारला. "सांगत होतो मी. ऐकलंत का माझं? आता—" बोलता बोलता त्यांनी बाईंकडे पाहिलं. "हसताय काय अक्का? पोर हरली."

"हरली," बाई म्हणाल्या. हसू काही आवरेना. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, आणि तात्यांनाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "बरोब्बर टाकलास गं."