तणाची आई

बायको वारल्यावर तिच्या पर्समध्ये वनस्पती उद्यानाचा वार्षिक पास सापडला. आणखी आठवडाभर चालणार होता. वाया कशाला घालवायचा, म्हणून मास्तर निघाले. देशी झाडांच्या विभागात एका रोपापाशी ते थबकले. असलंच काटकुळं, धुळकट झुडूप ती अंगणात जपायची आणि ते तिला तणाची आई म्हणायचे. पासावरचा फोटो बघून माळी जवळ आला. "बाई बऱ्याच दिवसांत फिरकल्या नाहीत. हे रोप त्यांनीच दिलं. आमचे साहेब म्हणत होते, हे झाड देशातून संपलं. पण दोन आहेत, एक हे, एक त्यांच्या अंगणात. एकाचा पराग दुसऱ्याला लागला तरच बी धरतं. इथं कळी आलीय, सांगाल त्यांना?" मास्तर नखातलं सिमेंट खरवडत राहिले. परवाच झुडूप उपटून त्यांनी अंगणभर फरशी बसवली होती. "आता एकच उरलंय," ते म्हणाले.