दोन ठिपके

विश्वाच्या बालपणाचं दर्शन माणसाला क्वचितच घडतं. या वेळी ते रविवारच्या पुरवणीत, तिसऱ्या पानावर, लोणच्याच्या जाहिरातीशेजारी घडणार होतं.

डॉ. शर्वाणी चांदोरकरांनी तीन खंडांतल्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून एका क्वेसारचं, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेच्या तेजस्वी केंद्राचं, चित्र मिळवलं होतं. त्याच्या लहरी बाराशे कोटी वर्षांपूर्वी निघाल्या होत्या. आजवर एक वाटणारा ठिपका प्रत्यक्षात दोन ठिपके आहेत, हे सिद्ध करायला सहा वर्षं लागली. ती सहाही वर्षं त्यांचे वडील, अण्णा, सोसायटीत "मुलगी करते काय?" या प्रश्नाला "सरकारी आहे" एवढंच उत्तर देत आले होते. आता दाखवायला काहीतरी मिळणार म्हणून अण्णांनी वीस अंक सांगून ठेवले.

रविवारी शर्वाणीबाईंनी पान उघडलं. मथळा बरोबर, नाव बरोबर. चित्राच्या जागी नुसता राखाडी चौकोन होता आणि त्याखाली ओळ होती, 'दोन ठिपके स्पष्ट दिसत आहेत.'

त्यांनी तडक पुरवणीच्या कचेरीत फोन लावला. पानं लावणारे गृहस्थ अदबीनं म्हणाले, "मॅडम, तुमच्या फोटोवर दोन डाग पडले होते, ते काढले. आभार कसले, आमचं कामच आहे ते."

तोवर अण्णा वीसही अंक वाटून परत आले होते.

"अण्णा, त्यात काहीच छापलेलं नाही!"

"असं कसं? शेजारच्या कारखानिसांना चष्म्याशिवाय दोन्ही दिसले."