दुसरी सही

"ही शाई निळी आहे," कॅप्टन सबनीस म्हणाले. "बाकीचं सगळं पान काळ्या शाईत. हे उद्योग कोणी सांगितले?"

"काळं पेन संपलं होतं, सर."

"मग नवीन आणायचं. जुहूत पेनं मिळायची बंद झाली का?"

श्रुतिका परबने पेन पुन्हा कागदावर टेकवलं. सकाळपासून हेच चाललं होतं. फ्लाइंग क्लबच्या छोट्या विमानाची देखभाल झाली होती, तिची फाईल टेबलावर उघडी पडली होती, आणि कॅप्टन खुर्चीतून न उठता उंटावरून शेळ्या हाकत होते. तेल किती भरलं ते लिही. हा शिक्का पुसट आहे, पुन्हा मार. विमानाच्या नंबरातलं शेवटचं अक्षर लागत नाही, गिरव. जे काम खरोखर झालं होतं तेवढं ती मुकाट लिहीत होती, पण डोकं तापलं होतं.

देवदत्त सबनीस हे क्लबचे मुख्य पायलट. देखभालीनंतर विमान पहिल्यांदा वर न्यायचं आणि ते नीट उडतंय का बघायचं, हे त्यांचं काम. श्रुतिका तिथली इंजिनिअर. झालेल्या कामावर सही करायचं लायसन्स तिच्याकडे होतं. ते मिळालं त्या दिवशी तिच्या वडिलांनी कांजूरमार्गच्या अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनगिरी करून शिकवलेली मुलगी, पेढे वाटणारच.

चार वाजता तपासणीवाले यायचे होते. फाईल अर्धवट सापडली तर आधी कॅप्टन अडकणार, कारण उड्डाणाआधी कागद पुरे आहेत की नाहीत हे बघायची जबाबदारी पायलटची. आणि फाईलमध्ये खोटी सही सापडली तर श्रुतिकाचं लायसन्स गेलंच म्हणून समजा.

"तारीख आजची का टाकलीस?" कॅप्टननी विचारलं. "काम परवाचं आहे ना?"

"काम परवाचं. लिहिलं आज."

"परवाची टाक."

"नको, सर."

कॅप्टननी कपाळावरच्या चिकटपट्टीची कड नखाने दाबून बसवली आणि पान उलटलं. तोंडाने काहीतरी पुटपुटले. श्रुतिकाही पुटपुटली, "वरातीमागून घोडं."

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

पुढच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. "शेपटीची केबल. राजेशची सही आहे. शेजारची चौकट रिकामी?"

"ती माझी."

विमानाचं नाक वर-खाली करणारी ती केबल. ती बदलली की लावणाऱ्याने सही करायची, आणि मग दुसऱ्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी बघून, हाताने ओढून दुसरी सही करायची. एकाचं काही चुकलं तर दुसऱ्याला दिसावं, एवढाच हेतू. मेकॅनिक राजेशने केबल परवा संध्याकाळी लावली होती. श्रुतिका काल सकाळी बघणार होती. ते राहून गेलं.

"कमाल करता तुम्ही लोक," कॅप्टन म्हणाले. "कागद पुरे नसताना विमानाला हात लावायचा नाही, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. आणि आपल्याच क्लबात ही तऱ्हा! मी फाईल मागितली म्हणून कळलं तरी."

"हो," श्रुतिका म्हणाली. "आज मागितलीत."

कॅप्टननी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. तेवढ्यात तिचा फोन वाजला. राजेश होता.

"बोल, दादा... तीनच्या आधी नाही का?... बरं. मी येतेच." तिने फोन ठेवला.

"मार ना ती सही," कॅप्टनचा आवाज एकदम उतरला. "एका सहीचं काय घेऊन बसलीस?"

"मी केबल बघितली नाही, सर."

"राजेशने लावलीय. त्याच्यावर विश्वास नाही तुझा?"

"आहे की. तरी मी बघितली नाही."

"अगं, पण आता बघत बसायला वेळ आहे का?" त्यांनी टेबलावर हात आपटला. मग तो हात तसाच ठेवून हळू बोलले, "रिटायर व्हायला आलोय मी, श्रुतिका. शेवटी शेवटी लायसन्स गेलं तर लोकांना काय तोंड दाखवू? तुला इथे कोणी घेतलं होतं? सगळे म्हणत होते, मुलगी हँगरमध्ये टिकायची नाही. मीच म्हणालो ना, घ्या तिला?"

हे खरं होतं. या माणसाचे श्रुतिकावर उपकार होते, आणि त्या उपकारांसकट त्याचा आत्ता भयंकर राग येत होता. तिने फाईल पुढे ओढली. रिकाम्या चौकटीवर पेन नेलं. कॅप्टननी श्वास रोखून धरला.

पेनाला टोपण लावून ती उठली आणि तिने पर्स खांद्याला अडकवली.

"करते सही, सर. केबल बघितली की लगेच, आणि जे दिसेल तेच लिहिते. राजेशदादा क्रेन घेऊन वर्सोव्याला उभा आहे. ओहोटी लागली, की काल तुम्ही खाडीत घातलेलं विमान वर काढेल."